दहा घोड्यांचा हिशेब

देवळ्यात 'पिकअप' हा शब्द कुणाला समजावून सांगावा लागत नाही. उन्हाळ कांदा निघू लागला की विंचूर-प्रकाशा रस्त्यावर ट्रॅक्टरच्या खालोखाल पिकअपच दिसतात. कांदा उमराण्याला, लासलगावला, पिंपळगावला जातो तो पिकअपमधून. सटाण्याकडचे डाळिंब, कळवणकडचा भाजीपाला, लग्नाच्या मांडवाचे सामान, बकरी ईदच्या आधी बाजारातून आणलेले बोकड, सगळ्यांना हीच गाडी. घरात दोन मुलगे असले तर एकाकडे शेती आणि दुसऱ्याकडे कर्जावर घेतलेली पिकअप, अशी आता वाटणीच होऊन बसली आहे.

आम्ही या गाड्यांची इंजिने दुरुस्त करणारे. गॅरेज अब्बांनी सुरू केले. १९९९ मध्ये देवळा स्वतंत्र तालुका झाला, त्याच्याही आधीपासून आमचे पत्र्याचे शेड रस्त्याच्या कडेला उभे आहे. गावात आडनावाने आम्हांला फार थोडे लोक ओळखतात. 'मिस्त्रीची पोरं' हीच ओळख. आता आमच्या दाढ्या पिकल्या तरी आम्ही पोरंच आहोत. भाईजान इंजिन पाहतात, मधल्या भावाकडे वायरिंग आणि स्कॅनर, धाकट्याकडे हिशेबाची वही आणि लिहिण्याचा नाद. त्यामुळे हा लेख एकाच्या हाताने उतरला असला तरी बोलणे तिघांचे आहे.

गेल्या काही वर्षांत आमच्या शेडमध्ये 'ट्यूनिंग' हा शब्द फार ऐकू येतो. शब्द तसा जुनाच. अब्बा तो वापरत तेव्हा त्याचा अर्थ गाडी सुरात आणणे असा होता. टॅपेटचे अंतर फिलर गेजने पाहायचे, नोझल काढून त्याची फवारणी तपासायची, पंपाचे टायमिंग मिळवायचे. एवढे झाले की इंजिनाची खडखड थांबून एकसारखा आवाज येई. अब्बा लांब स्क्रूड्रायव्हरचे टोक इंजिनाला आणि मूठ कानाला लावून तो आवाज ऐकत आणि कोणत्या सिलिंडरचा नोझल गळतो ते सांगत. आता पिकअपवाला पोरगा येतो तो मोबाइल पुढे करून विचारतो, "चाचा, रीमॅप करून मिळेल का? दहा-पंधरा हॉर्सपॉवर वाढते म्हणतात."

अब्बांचे ट्यूनिंग बिघडलेले इंजिन मूळ जागी आणत होते. हे ट्यूनिंग चांगल्या इंजिनाला मूळ जागेवरून पुढे ढकलते. शब्द एक, कामे दोन, आणि दोन्हींचा खर्चही वेगळा. तो खर्च कोण भरतो हे सांगण्यासाठी हा सगळा खटाटोप.

त्याआधी इंजिनाच्या पोटात थोडे उतरावे लागेल. जुन्या इंजिनात किती डिझेल सोडायचे हे पंप ठरवत असे. पंपावर त्यासाठी एक स्क्रू असे आणि तो बसवून त्यावर सील मारलेले असे. काही मिस्त्री सील तोडून स्क्रू फिरवत. डिझेल जास्त जाई, गाडी ओढू लागे आणि मागून काळा धूर निघे. अब्बा त्या सीलला हात लावत नसत. "मापात पाप नको," एवढेच म्हणत. म्हणजे रीमॅपची कल्पना काही आजची नाही. तेव्हा हत्यार पान्याचे होते, आता लॅपटॉपचे आहे.

१९९७ मध्ये युरोपात अल्फा रोमिओच्या मोटारीत कॉमन रेल पद्धत आली आणि पुढे ती आपल्याकडच्या पिकअपपर्यंत पोचली. यात पंपाचे काम दाब तयार करण्याचे. सगळ्या सिलिंडरांसाठी एकच जाड नळी आणि तिच्यात हजार-दीड हजार बार दाबाने भरलेले डिझेल. टायरातल्या हवेच्या दाबाशी तुलना केली तर हा दाब काहीशे पट होतो. इंजेक्टरच्या टोकाची भोके केसासारखी बारीक. डिझेल कोणत्या क्षणी, किती वेळ आणि किती सोडायचे हे ईसीएम नावाची डबी ठरवते. तिच्यात तक्ते साठवलेले असतात. इंजिनाचे फेरे इतके, ॲक्सिलरेटर इतका दाबलेला, हवा इतकी, पाणी इतके गरम, तर डिझेल इतके. रीमॅप म्हणजे लॅपटॉप जोडून हे तक्ते बदलणे. डिझेल थोडे वाढवायचे, टर्बोचा दाब थोडा वाढवायचा आणि 'याच्यापुढे जोर द्यायचा नाही' अशी जी रेघ आखलेली असते ती पुढे सरकवायची.

यात भूलथाप काही नाही. जोर खरेच वाढतो. कंपन्यासुद्धा एकाच इंजिनाचे वेगवेगळे जोर ठरवतात. महिंद्राने २०२३ मध्ये बोलेरो मॅक्स पिकअपची नवी मालिका आणली, तिच्यात एमटूडीआय इंजिनाचे आकडे ५२.२ किलोवॅट व २०० न्यूटन-मीटरपासून ५९.७ किलोवॅट व २२० न्यूटन-मीटरपर्यंत दिलेले आहेत. अश्वशक्तीत सांगायचे तर ७० आणि ८०. दहा घोड्यांचा फरक. पोरे हाच आकडा दाखवून विचारतात, "कंपनी करते ते तुम्ही का करत नाही?"

प्रश्न रास्त आहे. आमचे उत्तर असे की कंपनी दहा घोडे वाढवते तेव्हा त्यांच्यासाठी पागाही बांधते. क्लच, गिअरबॉक्स, ॲक्सल, पाणी थंड ठेवण्याची व्यवस्था त्या जोराला पुरते की नाही हे पाहून आकडा छापते आणि वर वॉरंटीचा कागद देते. लॅपटॉपवाला नुसते घोडे देऊन निघून जातो.

शिवाय कंपनी इंजिनाचा सगळा जोर कधी बाहेर काढत नाही. मे महिन्यातली दुपार, तुंबलेला एअर फिल्टर, भेसळीचे डिझेल, भरलेली गाडी आणि नवशिका ड्रायव्हर हे सगळे एकाच दिवशी जमले तरी इंजिन टिकले पाहिजे, म्हणून ती काही जागा मोकळी ठेवते. घरातली बाई पिठाच्या डब्याच्या तळाशी चार पैसे ठेवते, तशी ही शिल्लक. रीमॅपचा जोर आकाशातून पडत नाही, तो या शिलकीतून निघतो. शिल्लक मोडणे हा गुन्हा नाही. पण ती मोडली आहे हे मालकाला माहीत असले पाहिजे.

आता वही उघडू. शहरातल्या एका दुकानाने आमच्या गिऱ्हाइकाला रीमॅपचे २५,००० रुपये सांगितले. बोली अशी की जोर वाढेल आणि ॲव्हरेजही लिटरमागे एक किलोमीटरने वाढेल. बोली खरी धरू. पिकअप महिन्याला २,००० किलोमीटर चालते आणि लिटरला १२ किलोमीटर देते असे मानले तर महिन्याला १६७ लिटर डिझेल लागते. ॲव्हरेज १३ पडले तर १५४ लिटर. वाचले १३ लिटर. लिटरला ९० रुपये धरले तर महिन्याचे १,१७० रुपये. म्हणजे २५,००० फिटायला एकवीस-बावीस महिने. तेही त्या ड्रायव्हरचे, जो जोर वाढल्यावरही पूर्वीइतकाच पाय दाबील. असा ड्रायव्हर आमच्या शेडमध्ये अजून आलेला नाही.

खर्चाची दुसरी बाजू दुकानदार सांगत नाही. वाढलेला जोर सगळ्यांत आधी क्लचप्लेटला कळतो. त्यानंतर टर्बोला. सगळ्यांत शेवटी पिस्टनला, आणि ते कळणे फार महाग असते. अशी एक ट्यून केलेली पिकअप टोचन करून आमच्याकडे आणली होती. हेड उघडले तर एका पिस्टनच्या माथ्याला मेण वितळावे तसा खड्डा पडलेला. डिझेल जास्त, हवा त्या मानाने कमी आणि चढावर सतत दाबलेला पाय, यांतून साठलेली ती उष्णता. काम ८०,००० च्या पुढे गेले. गाडी बारा दिवस उभी राहिली, तेही ऐन कांद्याच्या हंगामात. त्या बारा दिवसांत भाडे बुडाले, हप्ता मात्र वेळेवर कापला गेला.

याउलट 'गाडी लोड घेत नाही' म्हणून आमच्याकडे ज्या पिकअप येतात, त्यांच्यात दोष बहुधा साधाच निघतो. टर्बोपासून इंजिनापर्यंत हवा नेणाऱ्या रबरी होजला चीर पडलेली असते. टर्बोने दाबलेली हवा तिथून सुटते, हवा कमी भरली म्हणून ईसीएम डिझेल कमी करते आणि गाडी चढावर मरगळते. कधी एअर फिल्टर कांद्याच्या फोलपटांनी आणि धुळीने गच्च असतो. कधी ब्रेक चिकटून चाक धरत असते. कधी टायरांत हवा नसते. हे सगळे नीट करायला चार-पाच हजार लागतात. इंजेक्टरची गोष्ट निराळी. नाशिकच्या मायको सर्कलला ज्या कंपनीमुळे नाव पडले ती मायको २००८ पासून बॉश या नावाने चालते आणि तिच्या सातपूरच्या कारखान्यात नोझल-इंजेक्टर बनत आले आहेत. पण वस्तू जिल्ह्यातली असली म्हणून स्वस्त नसते. डिझेल फिल्टर वेळेवर बदलला आणि त्यातले पाणी काढत राहिले तर इंजेक्टर टिकतो. एवढे केले की गाडी तिच्या मूळ सत्तर घोड्यांवर येते. मालक घाटातून परत येऊन सांगतो, "मिस्त्री, गाडीचा जोर वाढला!" वाढलेला काहीच नसतो. हरवलेला परत आलेला असतो. याचा हिशेब वर मांडला त्याच पद्धतीने करावा. एक किलोमीटर ॲव्हरेज परत मिळाले तर चार-पाच महिन्यांत पैसे वसूल.

मग तरुण पोरांना दहा घोडे कशाला हवेत? सगळे जण भावडबारीच्या घाटाकडे बोट दाखवतात. देवळ्याहून नाशिककडे माल न्यायचा तर ती चढण आहेच. मधल्या भावाने एकदा कागदावर गणित मांडले. गाडी आणि माल मिळून तीन टन, शंभर मीटरला सहा मीटर चढ, वेग ताशी ३० किलोमीटर. यासाठी चाकांवर साधारण २५ अश्वशक्ती पुरते. इंजिन सत्तरचे. वाटेत गिअरबॉक्स आणि ॲक्सलमध्ये काही जोर खर्ची पडतो, तो सोडला तरी भरपूर उरतो. दहा घोडे वाढवून तीन किलोमीटरची चढण ४० ऐवजी ५० च्या वेगाने चढली असे समजू. वाचले ५४ सेकंद. एक चहाचा घोटही होत नाही.

पण तेच गणित साडेचार टनाचे मांडले तर २५ ची ३७ होते आणि तिथे खरी गोष्ट बाहेर येते. इंजिन कमी पडत नाही. माल जास्त पडतो. आणि जास्त माल घेऊन वर चढलेली गाडी पुढे कुठेतरी उतरणारही असते. रीमॅपने इंजिनाला जोर मिळतो, ब्रेकला मिळत नाही. उतारावर गाडीला कुणी लॅपटॉप लावत नाही. २०१९ च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात जादा मालाला २०,००० रुपये आणि वर प्रत्येक टनाला २,००० रुपये दंड आला. परवानगीबाहेर गाडीत बदल करणाऱ्या मालकाला प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, अशीही तरतूद आली. अपघात झाला आणि गाडीतला बदल विमा कंपनीला सांगितलेला नसला तर दावाही अडकू शकतो. पण दंडाच्या भीतीपेक्षा आम्हांला उताराचे भय जास्त वाटते, कारण त्या गाड्यांवर आमच्याच गल्लीतली पोरे बसलेली असतात.

धुराचा हिशेब तर कुणाच्याच वहीत येत नाही. १ एप्रिल २०२० पासून देशभर बीएस-६ आले. डिझेलमधले गंधक दहा लाख भागांत ५० वरून १० वर आले, तेव्हा कुठे धूर गाळणाऱ्या जाळ्या गाड्यांत टिकू लागल्या. ट्यूनिंगवाले पुष्कळदा ही जाळी आणि ईजीआर बंद करून देतात, 'इंजिन मोकळा श्वास घेते' म्हणून. इंजिन घेत असेल. बाजार समितीच्या आवारात दिवसभर कांदा निवडत बसणाऱ्या बायांनी श्वास कुठे घ्यावा? पीयूसीच्या केंद्रात डिझेल गाडीचा डोळ्यांना दिसणारा धूरच मोजला जातो. न दिसणारे नायट्रोजनचे विषारी वायू तिथे सापडत नाहीत.

पिकअपची हौस अमेरिकेइतकी कुठे नसेल. तिथल्या पर्यावरण संरक्षण संस्थेने नोव्हेंबर २०२० च्या अहवालात म्हटले की सुमारे दहा वर्षांत साडेपाच लाखांहून अधिक डिझेल पिकअपवरची धूर आवरणारी यंत्रणा काढून टाकण्यात आली. त्यातून हवेचे झालेले नुकसान नव्वद लाखांहून अधिक नव्या पिकअप रस्त्यावर आल्याइतके आहे. आणि मोठ्या कंपन्या सगळ्या धुतल्या तांदळाच्या, असेही नाही. फोक्सवॅगनने चाचणीच्या वेळी वेगळे आणि रस्त्यावर वेगळे वागणारे सॉफ्टवेअर गाड्यांत घातल्याचे सप्टेंबर २०१५ मध्ये उघड झाले. जगभरच्या सुमारे एक कोटी दहा लाख गाड्यांचा तो मामला होता. तक्ता कुणी बदलला यापेक्षा कुणाच्या जिवावर बदलला, हा प्रश्न मोठा.

हे सगळे आम्ही एखाद्या परक्या गिऱ्हाइकाला सहज सांगतो. घरातल्या माणसाला सांगणे अवघड गेले. आमचा भाचा पिकअप चालवतो. गाडी कर्जाची, हप्ता दर महिन्याच्या दहा तारखेला. तो आला आणि म्हणाला, "मामू, मला हौस नाही. पण भाडे पडले आहे. पूर्वी दोन खेपांत जे मिळत होते त्याला आता तीन खेपा लागतात. गाडी जोरात चढली, थोडा माल जादा आला, तरच हप्ता निघतो."

त्याचे म्हणणे खोटे नव्हते. ८ डिसेंबर २०२३ ला कांद्याची निर्यात बंद झाली ती मे २०२४ मध्ये उठली. त्या काळात बाजारात काय झाले ते या भागातल्या कुणाला सांगायला नको. कांद्याचा भाव पडला की शेतकरी भाड्यात घासाघीस करतो. त्याचाही इलाज नसतो, त्याच्या हाती काढणीची मजुरीही येत नसते. पिकअपवाला कमी भाडे घेतो आणि तूट भरून काढायला चार गोण्या जादा टाकतो. चार गोण्या वाढल्या की इंजिन कमी वाटते. इंजिन कमी वाटले की तो आमच्याकडे येतो. दिल्लीतल्या एका कागदाचा भार असा उतरत उतरत शेवटी एका क्लचप्लेटवर येऊन पडतो. भाच्याला दहा घोडे नको होते, त्याला रास्त भाडे हवे होते. आणि भाडे वाढवणारा पाना आमच्या पेटीत नाही.

याच सुमारास आमच्यापुढे आमचाही प्रश्न उभा होता. रीमॅपचे यंत्र आणि सॉफ्टवेअर मिळून दोन लाखांच्या घरात पडत होते. आठवड्याला एक गाडी मिळाली तरी काही महिन्यांत पैसे निघाले असते. मधल्या भावाचा मुलगा आयटीआय करून आलेला, लॅपटॉप त्याच्या हातात खेळतो. त्याला या पत्र्याच्या शेडमध्ये टिकवायचे तर नवे काम हवे, हा मधल्या भावाचा मुद्दा होता आणि तो वजनदार होता. जुनी कामे खरेच कमी होत आहेत. पंप कॅलिब्रेशन गेले, टॅपेट सेटिंगही पूर्वीइतके राहिले नाही. ईशाच्या नमाजनंतर तीन रात्री आम्ही यावर बोलत बसलो. भाईजान शेवटी इतकेच म्हणाले, "पैसे देऊन जाणारा माणूस घाट उतरून घरी पोचला की नाही, हे विचारत बसावे लागेल असा धंदा झोपेला बरा नाही."

आम्ही ते यंत्र घेतले नाही. त्या रकमेच्या निम्म्यात चांगला स्कॅनर आणि होजची गळती शोधणारे धुराचे यंत्र घेतले. मुलगा आता रेलचा दाब, हवेचा दाब, इंजेक्टरची दुरुस्ती-संख्या पडद्यावर पाहून दोष सांगतो. त्याचे काम आजोबांच्या स्क्रूड्रायव्हरचेच आहे, कानाच्या जागी पडदा आला आहे. काही गिऱ्हाइके तुटली, ती दुसरीकडे जाऊन रीमॅप करून आली. त्यांतली काही मजेत चालवतात, हेही सांगितले पाहिजे. हलका माल नेणारा, पाय जपून वापरणारा, वेळेवर ऑइल बदलणारा मालक असेल तर गाडीला लगेच काही होत नाही. उद्या कंपनीनेच तपासलेला, कायद्यात बसणारा आणि क्लचसकट मिळणारा जोर विकायला आला तर आम्हीही तो बसवून देऊ. आमचे भांडण जोराशी नाही.

भाच्याच्या गाडीचा होज बदलला, मागचे चिकटलेले ब्रेक मोकळे केले, फिल्टर बदलले. मजुरी घेतली नाही. गाडी आता पूर्वीसारखी चढते. पण हप्त्याचे ओझे होजने हलके होत नाही. म्हणून त्याने आणि गल्लीतल्या आणखी काही पिकअपवाल्यांनी मिळून ठरवले आहे की ठरावीक गोण्यांपेक्षा जास्त माल कुणीच घ्यायचा नाही आणि ठरावीक भाड्याच्या खाली कुणीच जायचे नाही. पहिल्याच महिन्यात एकाने शब्द मोडला. बाकीचे अजून टिकून आहेत. पाच कंदील चौकात चहाच्या टपरीवर संध्याकाळी त्यांची बैठक असते आणि आकडेमोड करून देण्यासाठी धाकट्याला वही घेऊन बोलावतात. त्या वहीत आता घोड्यांपेक्षा गोण्यांचे आकडे जास्त आहेत.